सोप्यातून माजघरापर्यंत : जुन्या घरात ऑडिओची वायर कशी न्यावी

आमचं घर कोल्हापुरातल्या मंगळवार पेठेतलं. पुढं सोपा, मधे माजघर, त्यामागं स्वयंपाकघर, मग न्हाणी आणि परडं. वर फळ्यांचा माळा, त्यावर कौलं. खालच्या भिंती काळ्या दगडाच्या, आत मातीचा भराव, जाडी जवळजवळ दोन फूट. ॲम्प्लिफायर सोप्यात असतो. वडिलांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि त्यांचा पलंग माजघरात हलवला, तेव्हा सकाळचं गाणं त्यांच्यापर्यंत न्यायचं कसं हा प्रश्न पडला. ब्लूटूथचा स्पीकर आणून बघितला. तेवढ्या दगडापलीकडं आवाज सारखा तुटायचा, एक बंदिश सलग ऐकायला मिळेना. शेवटी वायर ओढली.

त्यानंतर नात्यातल्या आणि ओळखीच्या चार-पाच जुन्या घरांत हेच काम केलं. पहिल्यांदा करणाऱ्याला उपयोगी पडेल ते सगळं इथं लिहितो. नव्या फ्लॅटमध्ये मिस्त्री भिंतीला खाच मारतो, पाइप पुरतो आणि वरून गिलावा करतो. दगडमातीच्या भिंतीत तसं करू नका. खाच मारताना आतला भराव सुटतो, शेजारचा दगड हलतो, आणि एका वायरीपायी भिंत पोकळ होते. जुन्या घरात वायर जाईल अशा वाटा आधीपासूनच असतात. त्या शोधायला अर्धा दिवस द्या, पुढचं काम निम्म्याहून हलकं होतं.

आधी सुतळी घेऊन घर फिरा

बॅटरी, खडू आणि सुतळीचा गुंडा घ्या. ॲम्प्लिफायरपासून निघा आणि वायर जशी जाईल तशीच सुतळी धरत चला: भिंतीवरून वर, तुळईच्या कडेनं आडवी, चौकटीजवळून खाली. अंतर डोळ्यांनी अदमासू नका. आमच्या सोप्यातून माजघरातल्या स्पीकरपर्यंत सरळ अंतर पाच मीटर दिसायचं, सुतळी मोजली तेव्हा साडेतेरा मीटर भरली. त्यात दोन्ही टोकांना एकेक मीटर जादा धरा. टोक बांधताना एक-दोनदा चुकतं, तेव्हा तीच जादा वायर कामाला येते.

फिरताना काय बघायचं? चौकट आणि भिंत यांच्यातली फट. तुळई भिंतीत शिरते तिथली बाजूची मोकळी जागा. झरोके. पूर्वी नळाचा किंवा जुन्या मीटरचा पाइप गेला होता आणि आता नुसतं भोक उरलंय अशा जागा. माळ्याच्या फळ्यांतल्या फटी. बहुतेक जुन्या घरांत पहिल्या वायरिंगची लाकडी पट्टी अजून भिंतीवर असते. ती मात्र लगेच आपली समजू नका, त्याबद्दल पुढं लिहिलंय.

कागदावर ढोबळ नकाशा काढा आणि विजेच्या वायरी कुठून गेल्यात ते त्यावर लाल पेननं दाखवा.

कुठली वायर न्यायची

दोन खोल्यांमध्ये न्यायच्या वायरी दोन प्रकारच्या. एक, ॲम्प्लिफायरमधून निघून स्पीकरला जाणारी. दुसरी, टीव्ही, प्लेअर किंवा माइकच्या मिक्सरकडून ॲम्प्लिफायरला येणारी सिग्नलची. लांब पल्ला नेहमी स्पीकरच्या वायरीनं कापा. त्या वायरीतला सिग्नल दणकट असतो, बाहेरचा गोंगाट त्यात सहसा शिरत नाही. आरसीएची, म्हणजे टीव्ही-प्लेअरच्या मागं लागणाऱ्या गोल लाल-पांढऱ्या पिनांची, सिग्नल वायर दुबळी असते, पाच-सहा मीटरच्या पुढं नेली की घरघर धरण्याची शक्यता वाढते. म्हणजे ॲम्प्लिफायर आणि प्लेअर शेजारी-शेजारी ठेवायचे आणि दूर जायचं ते स्पीकरनं. सिग्नलच लांब न्यायचा असेल, समजा सोप्यात भजन आहे आणि मिक्सर माजघरात, तर तीन पिनांची एक्सएलआर असलेली बॅलन्स्ड केबल घ्या. तिच्यात एकच सिग्नल दोन तारांतून एकमेकांच्या उलट जातो. वाटेत शिरलेला गोंगाट दोन्ही तारांत सारखाच असतो, पलीकडचं यंत्र त्यांतला फरक घेतं आणि गोंगाट गळून पडतो.

आता जाडी. तांब्याच्या जोडवायरीचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, काढायला सोपा हिशेब आहे: एक चौरस मिलिमीटरच्या एक मीटर तारेला ०.०१७२ ओहम. जाणारी आणि येणारी धरून लांबी दुप्पट करा आणि जाडीनं भागा. चौदा मीटरचा पल्ला म्हणजे अठ्ठावीस मीटर तार. ०.५ चौरस मिलिमीटरच्या बारीक वायरीत ०.९६ ओहम होतात, १.५ मध्ये ०.३२, आणि २.५ मध्ये ०.१९. वायरीचा रोध स्पीकरच्या पाच टक्क्यांच्या आत ठेवायचा. आठ ओहमच्या स्पीकरला पाच टक्के म्हणजे ०.४, तिथं १.५ पुरते. चार ओहमला ०.२, तिथं २.५ घ्या. याहून जाड वायर घरात घ्यायची गरज मला कधी पडली नाही.

पारदर्शक, चकचकीत, जाडजूड दिसणाऱ्या वायरीवर भुलू नका. मी पहिल्यांदा एका दुकानातून अशीच वीस मीटर आणली. टोक सोलून दोनदा वाकवलं आणि चार तारा तुटून हातात आल्या. ब्लेडनं एक तार खरवडली, वरचा तांबडा रंग निघून खाली पांढरी निघाली. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली वायर होती ती. तिचा रोध तेवढ्याच जाडीच्या तांब्याच्या साधारण दीडपट असतो आणि स्क्रूखाली ती लवकर तुटते. तेव्हापासून शाहूपुरी असो की लक्ष्मीपुरी, खिशात ब्लेड घेऊन जातो आणि पैसे देण्याआधी काउंटरवरच एक तार खरवडतो. तांबं आतपर्यंत तांबडंच असलं पाहिजे. खास स्पीकर वायर मिळाली नाही तर घराच्या वायरिंगची १.५ ची बहुतारी तांब्याची वायर घ्या, एक लाल आणि एक काळी, आणि दोन्ही हलका पीळ देऊन एकत्र न्या. काम तितकंच चोख होतं. फक्त पाइपवर "स्पीकर" असं ठळक लिहा, म्हणजे पुढं कुणी ती विजेची समजणार नाही.

विजेपासून लांब

काम सुरू करण्याआधी मेन बंद करा आणि टेस्टर लावून खात्री करा. जुन्या घरात रबर आणि सुती आवरणाच्या वायरी अजून सापडतात. त्यांचं आवरण हात लावताच भुगा होऊन पडतं. अशी वायर दिसली तर तिला हलवू नका, आधी वायरमनला बोलवा.

ऑडिओची वायर आणि विजेची वायर एका पट्टीत किंवा एका पाइपात कधीही घालायची नाही. पहिलं कारण जिवाचं. विजेच्या वायरीचं आवरण खरचटलं तर २३० व्होल्ट स्पीकरच्या तारेत आणि ॲम्प्लिफायरच्या पत्र्यावर येतात. दुसरं कारण आवाजाचं. मी पहिल्या वेळी आयती मिळाली म्हणून जुन्या लाकडी पट्टीतच टीव्हीची सिग्नल वायर बसवली होती. रात्री घर शांत झालं, गायिका केसरबाई केरकरांची जुनी तबकडीवरची रेकॉर्ड लावली. त्या रेकॉर्डिंगचा आवाज मुळात बारीक, म्हणून व्हॉल्यूम वाढवला, आणि गाण्याच्या खालून घूंऽऽ असा आवाज वर आला. आपल्या विजेची घरघर ५० हर्ट्झची आणि तिच्या दुपटीची, १०० ची. तानपुऱ्याचा खर्ज याच टापूत असतो. म्हणजे ती घरघर नेमका तानपुरा खाते. ज्या गावात अल्लादियाँ खाँसाहेब दरबार गायक होते आणि १८८३ सालापासून देवल क्लब चालू आहे, तिथं घरात लावलेल्या गाण्यातला तानपुरा ऐकू येऊ नये याचं मला फार वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी सगळी वायर काढली.

समांतर जायचं असेल तर मधे एक फूट अंतर ठेवा. ओलांडायचंच असेल तर काटकोनात ओलांडा.

माळ्यावरची वाट

जुन्या घरात सगळ्यात चांगली वाट माळ्यावरून. भिंतीच्या कडेनं वर जा, फळीच्या फटीतून माळ्यावर निघा, तिथून हव्या त्या खोलीवर जाऊन खाली उतरा. एकही दगड फोडावा लागत नाही.

पहिल्या घरात मी तुळईला क्लिपा ठोकायला निघालो होतो. आमच्या ओळखीचे एक वयस्क सुतारमामा तेव्हा खालीच उभे होते. ते म्हणाले, "पोरा, तुळईला खिळा मारू नकोस. तिनं माळा धरलाय." त्यांनी दाखवलं म्हणून दिसलं, सागाच्या तुळईला जुन्या खिळ्यांभोवती बारीक चिरा गेल्या होत्या. तेव्हापासून मी तुळईला मेण लावलेल्या जाड दोऱ्यानं वायर बांधतो, दर दोन फुटांवर एक गाठ. दोरा कधीही कापून काढता येतो आणि लाकडावर खूण राहत नाही.

माळ्यावर वायर उघडी सोडू नका. उंदीर पीव्हीसी कुरतडतात. एका घरात दोन महिन्यांत उजवा स्पीकर बंद पडला, वर जाऊन बघितलं तर चार इंच वायर नागडी झालेली. २० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप टाका आणि दोन्ही तोंडं बंद करा. वळणावर काटकोनी एल्बो न घालता लांब बेंड घाला, नाहीतर वायर तिथंच अडकते. पाइप अर्धाही भरू नका. पुढं आणखी एक वायर घालावी लागेल, आणि ठासून भरलेल्या पाइपातून जुनी वायर निघतही नाही.

कौलं कुठं गळतात ते पावसाळ्यात एकदा बघून ठेवा. पाइप त्या जागेखालून नेऊ नका.

भोक पाडायचंच असेल तर

चौकटीच्या वर आणि तुळई टेकते त्या जागेच्या खाली भोक पाडू नका, भिंतीवरचा भार तिथून उतरतो. दगडात बिट घालू नका, दोन दगडांमधला सांधा शोधा. गिलावा असेल तर हातोडीच्या दांड्यानं हलकं ठोकून बघा, सांध्यावर आवाज बोदा येतो. आधी ६ मिलिमीटरचं बिट, मग १२ चं, आणि ड्रिल सावकाश. मधेच बिट भसकन आत गेलं तर थांबा, तो भराव आहे, जोर लावला तर माती पलीकडं ढासळते. भोक पडल्यावर आत पाइपाचा तुकडा बसवा आणि वायर त्यातून न्या. बाहेरच्या भिंतीत भोक असेल तर ते बाहेरच्या बाजूला किंचित उतरतं ठेवा, आणि वायर आत शिरण्याआधी खाली झोळ देऊन वर घ्या. पावसाचं पाणी त्या झोळावरून गळून जातं.

कडेची फट चुना आणि बारीक वाळूनं भरा. सिमेंट लावू नका. चुन्याची आणि मातीची भिंत ओल आत-बाहेर करते, सिमेंटच्या ठिगळाशी ती ओल अडते आणि पुढच्या पावसाळ्यात तिथला गिलावा फुगतो.

ज्यांची घरं नदीच्या बाजूला सखल भागात आहेत त्यांनी २०१९ आणि २०२१ च्या पुराच्या खुणा आठवाव्यात. भिंतीवर पाणी कुठवर आलं होतं ते घरच्यांना पक्कं माहीत असतं. जोडाचे डबे, भिंतीतली सॉकेटं आणि ॲम्प्लिफायर त्या रेघेच्या वर ठेवा. एका घरातून दुसऱ्या घरात गच्चीवरून उघडी वायर नेऊ नका. वळवाच्या पावसात वीज जवळ पडली तरी त्या वायरीतून यंत्र जळतं.

वायर ओढताना

दोघं लागतात. एक ओढणारा, एक वायर सरळ करून आत सोडणारा. पाइपातून आधी वायरमनची ओढायची स्प्रिंग घाला, तिच्या टोकाला वायर बांधून चिकटपट्टी निमुळती गुंडाळा, आणि वायरीला टाल्कम पावडर चोळा. अडकली तर हिसका देऊ नका, थोडी मागं घेऊन पुन्हा ओढा. वायरीसोबत एक नायलॉनची दोरी आत राहू द्या, पुढची वायर त्याच दोरीनं ओढता येते. दोन्ही टोकांना लगेच चिठ्ठी चिकटवा: "माजघर डावा", "माजघर उजवा". नंतर करू म्हटलं की चार सारखी टोकं हातात राहतात.

टोक बांधणं

या कामात सगळ्यात जास्त वेळ मी इथंच देतो. मला भेटलेल्या बिघाडांपैकी बहुतेक टोकातच होते.

स्पीकरची वायर. ॲम्प्लिफायर बंद, प्लग काढलेला. आवरण १० ते १२ मिलिमीटर सोला, स्ट्रिपरनं. दातानं किंवा ब्लेडनं सोललं की दोन-चार तारा कापल्या जातात. तारांना घड्याळाच्या दिशेनं घट्ट पीळ द्या. वायरीच्या एका बाजूला रेघ, खोबण किंवा रंग असतो, ती बाजू दोन्ही टोकांना लाल टर्मिनललाच जाईल हे आधी ठरवा. मागं स्प्रिंगची दाबपट्टी असेल तर उघडं टोक तिच्या आत पूर्ण गेलं पाहिजे, बाहेर तांबं दिसता कामा नये. सुटलेली एक केसाएवढी तार शेजारच्या टर्मिनलला टेकली तरी ॲम्प्लिफायरचा आउटपुट जळू शकतो. अंगठ्याच्या पेरावर टोक ठेवून ती तार शोधा आणि पुन्हा पिळून घ्या.

स्क्रूखाली जाणाऱ्या टोकाला कथील लावू नका. कथील मऊ असतं, दाबाखाली हळूहळू पसरतं, आणि सहा महिन्यांत स्क्रू सैल होतो. तिथं फेरूल, म्हणजे तारेवर चढवायची धातूची छोटी नळी, क्रिम्प करून (पक्कडीनं दाबून) बसवा, नाहीतर साधी पिळलेली तार घट्ट कसा. बनाना प्लग वापरत असाल तर स्क्रूचेच घ्या.

आरसीए पिन. ही सोल्डरनं मारायची. सगळ्यात आधी पिनेची टोपी वायरीत ओवून घ्या, नाहीतर जोड झाल्यावर पुन्हा सगळं सोडवावं लागतं. बाहेरचं आवरण २० मिलिमीटर सोला, जाळी उलगडून एका बाजूला पिळा, आतल्या तारेचं आवरण ५ मिलिमीटर काढा. आतली तार मधल्या खांबाला, जाळी बाहेरच्या पत्र्याला. पंचवीस वॉटची सोल्डरची इस्त्री आणि ६०/४० कथील पुरतं. इस्त्रीचं टोक ओल्या स्पंजवर पुसा. कथील इस्त्रीवर वितळवून जोडावर थापू नका. इस्त्री जोडाला टेकवा, धातू तापू द्या, मग दुसऱ्या बाजूनं कथील लावा. ते आपोआप तारांत शिरतं. तीन-चार सेकंद, मग इस्त्री बाजूला, आणि जोड थंड होईपर्यंत हात हलू द्यायचा नाही. चांगला जोड चकचकीत आणि कडेला निमुळता दिसतो. राखाडी, दाणेदार गोळा दिसला तर तो पुन्हा तापवा. या कथलात शिसं असतं, खिडकी उघडी ठेवा आणि जेवण्याआधी हात साबणानं धुवा.

एक्सएलआरमध्ये आत बारीक आकडे कोरलेले असतात. १ ला जाळी, २ ला सरळ सिग्नल, ३ ला उलटा. दोन्ही टोकांना हेच. बॅलन्स्ड मोठ्या जॅकला टोक म्हणजे सरळ, मधली कडी म्हणजे उलटा, आणि मागची नळी म्हणजे जाळी.

तपासणी

ॲम्प्लिफायरला जोडण्याआधी मल्टिमीटर घ्या. स्पीकर लांबच्या टोकाला जोडलेला असू द्या आणि या टोकाला ओहम मोजा. आठ ओहमचा स्पीकर साधारण सहा-सात दाखवतो, वर वायरीचा थोडा. शून्याजवळ आलं तर कुठंतरी तारा टेकल्यात. काहीच आलं नाही तर जोड सुटलाय.

मग दीड व्होल्टचा सेल घ्या. लाल तार सेलच्या धन टोकाला, काळी ऋण टोकाला, नुसती क्षणभर टेकवा. मोठ्या स्पीकरचा पडदा बाहेर आला तर जोडणी बरोबर, आत गेला तर कुठंतरी उलटी झाली. हे प्रत्येक स्पीकरला करा. दोघांतला एक उलटा राहिला की खर्ज पोकळ होतो आणि आवाज मधोमध बसत नाही.

एकाच चॅनेलवर सोप्यातला आणि माजघरातला असे दोन आठ ओहमचे स्पीकर समांतर जोडले तर ते चार ओहम होतात. ॲम्प्लिफायरच्या मागं चार ओहम चालतात असं छापलं असेल तरच जोडा. चार स्पीकर समांतर जोडू नका, दोन ओहमला बहुतेक घरगुती ॲम्प्लिफायर तापून बंद पडतात.

घरघर आलीच तर एकेक इनपुट वायर काढत जा. डिशची किंवा केबलची वायर काढल्यावर ती थांबली, तर दोष त्या वाटेनं येणाऱ्या जमिनीच्या जोडणीचा आहे. टीव्ही, प्लेअर आणि ॲम्प्लिफायर एकाच बोर्डावरून चालवा, पुष्कळदा तेवढ्यानं घरघर जाते. तरी राहिली तर सिग्नलच्या वायरीत ऑडिओचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घाला. तीन पिनांच्या प्लगची अर्थची पिन मात्र कधीही कापू नका. घरघर जाईलही, पण यंत्रात बिघाड झाला तर वीज तुमच्या हातातून जमिनीत जाईल. जुन्या घरात अर्थिंगच नसेल तर ॲम्प्लिफायरवर खर्च करण्याआधी वायरमनकडून अर्थिंग आणि ३० मिलिॲम्पियरचा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) बसवून घ्या.

सगळं चालू झालं की सुरुवातीला काढलेला नकाशा नीट उतरवून काढा: कुठून वायर गेली, जाडी किती, जोडाचा डबा कुठं, दोरी कुठं सोडलीय. खाली तारीख घाला. आमचा नकाशा सोप्यातल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलाय. गेल्या दिवाळीत पुतण्याला वरच्या खोलीत स्पीकर हवा होता. त्यानं मला न विचारता कपाट उघडलं, नकाशा बघितला, दोरी ओढली, आणि संध्याकाळपर्यंत वर गाणं लागलं होतं.